बाळाचा स्नानसंस्कार: खर्च किती, तयारी कशी?

बाळाचा स्नानसंस्कार ठरवताना पहिला फोन चर्चच्या कार्यालयात जायला हवा. वसई पट्ट्यात आणि उत्तर मुंबईत हल्ली तो बऱ्याच घरांतून आधी हॉलवाल्याला जातो. हॉल मिळेल तेव्हाची तारीख, त्या तारखेपर्यंत जमवायचे पैसे आणि पैसे जमेपर्यंत थांबलेलं बाळ असा क्रम लागतो, आणि सहा-आठ महिने सहज निघून जातात. प्रत्यक्षात या संस्काराला लागणारा पैसा अगदी थोडा आहे. जो मोठा खर्च होतो तो संस्कारानंतरच्या जेवणावळीचा. हे दोन हिशेब वेगळे ठेवले तर कोणत्याही घराला बाप्तिस्म्यासाठी कर्ज काढायची किंवा थांबायची वेळ येणार नाही.

पुढची माहिती मुख्यतः वसई धर्मप्रांतातल्या आणि मुंबई परिसरातल्या मराठी कॅथलिक कुटुंबांसाठी आहे. चर्चचा कायदा मात्र सगळीकडे एकच असल्यामुळे पुणे, गोवा किंवा दुबईत राहणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल.

तारीख: आधी चर्च, मग हॉल

१९८३ सालच्या कॅनन लॉनुसार बाळाला जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा मिळेल हे पाहणं ही आईवडिलांची जबाबदारी आहे. जन्मानंतर लगेच, शक्य असेल तर जन्माआधीही, त्यांनी आपल्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना भेटावं असंही तिथे सांगितलं आहे. म्हणजे बाई गरोदर असतानाच चौकशी केली तर ती घाई ठरत नाही.

बहुतेक धर्मग्रामांत स्नानसंस्काराचे दिवस ठरलेले असतात. महिन्यातला एखादा रविवार आणि मिस्सेनंतरची वेळ अशी साधारण पद्धत असते. रविवार किंवा ईस्टरचा जागरण विधी हे दिवस चर्चला जास्त योग्य वाटतात. प्रायश्चित्तकाळात आणि आगमनकाळात काही ठिकाणी स्नानसंस्कार ठेवत नाहीत. डिसेंबर, जानेवारी आणि मे महिन्यांत परगावचे, परदेशातले नातेवाईक घरी येतात, त्यामुळे तेव्हा एका दिवशी अनेक बाळं असतात. कार्यालयात विचारण्याचे प्रश्न असे:

- स्नानसंस्काराचा दिवस आणि वेळ कोणती? सामुदायिक असतो की स्वतंत्र?
- आईवडिलांसाठी आणि धर्ममाता-धर्मपित्यांसाठी तयारीचा वर्ग कधी असतो? तो दुसऱ्या धर्मग्रामात केला तर चालतो का?
- अर्ज किती दिवस आधी द्यायचा?
- पांढरं वस्त्र आणि मेणबत्ती चर्च देतं की आपण आणायची?
- फोटोग्राफरला कुठे उभं राहता येईल?

तयारीचा वर्ग ही सगळ्यात जास्त अडणारी गोष्ट आहे. तो महिन्यातून एकदाच असेल आणि तुमच्या हातून निसटला, तर संस्कार आपोआप महिनाभर पुढे जातो. म्हणून तारखेआधी वर्गाची चौकशी करा. नोकरीमुळे वडिलांना जमत नसेल तर तेही फादरांना मोकळेपणाने सांगा.

कागदपत्रं: खर्च थोडा, पण वेळ लागतो

साधारणपणे मागितली जाणारी कागदपत्रं अशी: बाळाचा जन्मदाखला, आईवडिलांचा चर्चमधला विवाह दाखला आणि धर्ममाता-धर्मपित्यांची माहिती. धर्ममाता किंवा धर्मपिता दुसऱ्या धर्मग्रामातले असतील तर त्यांच्या फादरांचं पत्रही बऱ्याच ठिकाणी लागतं. बाप्तिस्मा स्वतःच्या धर्मग्रामाबाहेर करायचा असेल, म्हणजे राहता नालासोपाऱ्यात आणि संस्कार हवा आजोळी निर्मळला, तर आपल्या राहत्या धर्मग्रामाचं परवानगीपत्र लागतं. नियमाने बाळाचा बाप्तिस्मा आईवडिलांच्या धर्मग्रामातल्या चर्चमध्येच व्हायचा असतो. पुरेसं कारण असलं की फादर परवानगी देतात.

जन्मदाखल्यात हयगय करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत केली तर शुल्क लागत नाही. त्यानंतर विलंब शुल्क सुरू होतं. ३० दिवस उलटल्यावर स्वतः साक्षांकित केलेला दस्तऐवज आणि अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं. रुग्णालयात जन्म झाला असेल तर कळवण्याचं काम रुग्णालयाचं असतं. तरी नोंद खरोखर झाली का आणि नावं बरोबर लिहिली गेली का, हे महानगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन पाहायचं काम आपलं.

पूर्वीच्या पिढीत जन्मतारखेचा पुरावा म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला अनेक ठिकाणी चालायचा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. बाप्तिस्म्याचा दाखला त्याची जागा घेऊ शकत नाही.

नाव: दोन्ही नोंदवह्यांत एकच ठेवा

बाळाला संताचंच नाव द्यायला हवं अशी अनेकांची समजूत आहे. नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावं, एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. त्यामुळे मराठी नावाला अडचण नाही. अडचण येते ती दोन नोंदवह्यांत दोन नावं पडल्यावर. जन्मदाखल्यात ‘स्नेहा’ आणि चर्चच्या वहीत ‘मेरी स्नेहा’ असं झालं, की पुढे ख्रिस्ती अल्पसंख्याक कोट्यातून प्रवेश घेताना दोन्ही कागद एकाच मुलीचे आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं. आडनावाच्या स्पेलिंगमध्येही हाच घोळ होतो. ‘डिसोजा’, ‘डाबरे’, ‘रॉड्रिग्ज’ या नावांची रोमन अक्षरं एकाच घरात दोन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात.

उपाय सोपा आहे. जन्मनोंद नावाशिवाय झाली असली तरी वर्षभरात बाळाचं नाव विनाशुल्क घालता येतं, आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून ते करता येतं. बाप्तिस्म्याचं नाव आधी नक्की करा, तेच जन्मदाखल्यात घाला आणि चर्चच्या अर्जावर जन्मदाखल्यावरून अक्षर न् अक्षर उतरवा.

धर्ममाता-धर्मपिता: ऐपत पाहू नका

चर्चच्या कायद्याने एक धर्ममाता किंवा एक धर्मपिता पुरतो. दोघं घ्यायची तर एक स्त्री आणि एक पुरुष. अटी स्पष्ट आहेत: वयाची १६ वर्षं पूर्ण, स्वतःचा बाप्तिस्मा, ख्रिस्तशरीर आणि दृढीकरण झालेली कॅथलिक व्यक्ती, श्रद्धेला शोभणारं जीवन. बाळाचे स्वतःचे आईवडील धर्ममातापिता होऊ शकत नाहीत. बाप्तिस्मा झालेली पण कॅथलिक नसलेली ख्रिस्ती व्यक्ती कॅथलिक धर्ममाता किंवा धर्मपित्यासोबत साक्षीदार म्हणून उभी राहू शकते.

दृढीकरण झालेलं नसणं हे निवड फसण्याचं नेहमीचं कारण आहे. एखाद्या तरुण मामाला शब्द देऊन बसता आणि अर्ज भरताना कळतं की त्याचं दृढीकरण राहूनच गेलं होतं. म्हणून शब्द देण्याआधी विचारा. धर्मपिता आखातात किंवा जहाजावर असेल तर फादरांच्या संमतीने त्याच्या जागी प्रतिनिधी उभा राहू शकतो का, हे आधी बोलून घ्या. व्हिडिओ कॉलवर भरवसा ठेवू नका.

बाळाचे कपडे, मेणबत्ती, सोन्याची साखळी हा खर्च धर्ममातापित्यांनी करायचा, अशी रीत अनेक घरांत आहे. त्यामुळे निवड करताना नकळत कमावत्या नातेवाईकाकडे बोट जातं. हे बाळाच्या हिताचं नाही. उद्या बाळाला प्रार्थना शिकवणारी, पहिल्या ख्रिस्तशरीराच्या वेळी सोबत बसणारी, आईवडिलांच्या अडचणीत मुलाच्या डोक्यावर हात ठेवणारी व्यक्ती हवी. अशी मावशी अंगणवाडीत काम करत असेल, तरी तिलाच विचारा. ‘खर्च आमचा, तू फक्त ये’ हे त्याच वेळी स्पष्ट सांगा, म्हणजे तिला पैशांच्या विचाराने नकार द्यावा लागणार नाही.

चर्चला किती द्यायचं?

या प्रश्नावर घराघरात कुजबुज चालते, म्हणून सरळ सांगते. संस्काराला किंमत नसते. चर्चच्या कायद्यानुसार धर्मगुरू अधिकृतपणे ठरलेल्या अर्पणापलीकडे काहीही मागू शकत नाहीत, आणि गरिबीमुळे कोणी संस्कारापासून वंचित राहणार नाही याची काळजी घेणं हे त्यांचं कर्तव्य आहे. संस्कारांचे दरपत्रक लावण्याच्या प्रवृत्तीवर पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१४ मधल्या एका प्रवचनात जाहीर टीका केली होती.

व्यवहारात कार्यालयात एक छोटी रक्कम किंवा ऐच्छिक दान घेतलं जातं, आणि त्याची पावती मागायला संकोच करू नये. द्यायची ताकद असेल तर जरूर द्या. वीज, सेवकांचे पगार, धर्मशिक्षणाची पुस्तकं हे सगळं दानातूनच चालतं. ताकद नसेल तर फादरांना एकांतात सांगा. तो तुमचा हक्क आहे, त्यात ओशाळं होण्यासारखं काही नाही. स्नानसंस्काराच्या दिवशी मदत करणाऱ्या सेवकाला आणि गायकवृंदाला खुशीने काही द्यायची पद्धत असली, तर ती रक्कम आधीच पाकिटात वेगळी काढून ठेवा.

कपडे, मेणबत्ती, क्रूस

विधीत बाळाच्या मस्तकावर तीनदा पाणी ओततात. त्याआधी छातीवर तेल लावतात आणि पाण्यानंतर टाळूवर क्रिझ्म तेल लावतात. मग पांढरं वस्त्र दिलं जातं आणि पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटवली जाते. हा क्रम लक्षात घेऊन खरेदी करा.

- कपडे. गळ्याशी सहज उघडणारा, मऊ सुती झगा किंवा कुडता घ्या. गळाबंद, मागून दोऱ्यांनी आवळलेला सॅटिनचा फ्रॉक छातीवर तेल लावताना सोडावा लागतो, बाळ रडतं आणि तेलाचा डाग पडतो तो पडतोच. वसईच्या दमट उन्हाळ्यात नेटचं कापड टोचतं. टोपी आणि हेअरबँड विधीच्या वेळी काढावाच लागतो. काही चर्चमध्ये पांढरं वस्त्र म्हणून छोटी शाल दिली जाते, ती असेल तर महाग झग्याची गरजच उरत नाही. मोठ्या भावंडाचा जपून ठेवलेला झगा वापरला तर त्यात कमीपणा नाही. बाळ वर्षभरात त्यातून बाहेर येतं, हे लक्षात ठेवा.
- मेणबत्ती. साधी पांढरी मेणबत्ती पूर्ण चालते. नक्षीची घेतलीत तर वात मोकळी आहे का आणि रिबन ज्योतीपासून लांब आहे का, ते पाहा. ती नंतर जपून ठेवा. पहिल्या ख्रिस्तशरीराच्या वेळी काढता येईल.
- सोन्याचा क्रूस. चर्चला तो लागत नाही. तरी हौसेने घेणार असाल तर हे ध्यानात ठेवा: २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला सक्तीचं हॉलमार्किंग लागू नाही, आणि बाळाचा क्रूस बहुधा याच वजनात बसतो. शुद्धतेचा प्रश्न इथेच येतो. हॉलमार्क असलेला नग मागा. त्यावर बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटसाठी ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. हॉलमार्क नसलेला घ्यायचा तर बिलावर वजन, कॅरेट, घडणावळ आणि जीएसटी वेगवेगळं लिहून घ्या. तान्ह्या बाळाच्या गळ्यात साखळी ठेवून झोपवू नका.

जेवण आणि सोहळा: पैसा इथे जातो

जेवणाचा खर्च एका गुणाकाराने ठरतो: माणसं गुणिले ताटाचा दर. मेनूमधला एक पदार्थ काढून फारसं वाचत नाही, यादीतली पन्नास नावं कमी केल्याने वाचतं. म्हणून आधी यादी करा आणि त्यानंतर केटररशी बोला.

केटररकडून लेखी घ्यायच्या गोष्टी: ताटाचा दर जीएसटीसह की वेगळा, किती ताटांची हमी द्यावी लागेल, जास्त माणसं आली तर दर काय, वाढपी, भांडी आणि पाणी दरात धरलंय का, आगाऊ रक्कम किती आणि तारीख बदलली तर ती परत मिळणार का. बाळं आजारी पडतात, तारखा सरकतात. आगाऊ रक्कम परत न देण्याची अट असेल तर ती रक्कम लहान ठेवा. हॉटेलात जेवण ठेवलं तर बिलात सेवाशुल्क सक्तीने लावता येत नाही. ते काढायला सांगा, आणि ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

घरच्या अंगणात बायकांनी मिळून केलेले फुगे, विंदालू, भात आणि एक गोड पदार्थ, एवढ्यावर उत्तम जेवण होतं. भाड्याची भांडी आणि दोन मदतनीस घेतले तर घरच्यांचाही जीव थकत नाही. दारूचा खर्च हा बहुधा यादीत न लिहिलेला आणि शेवटी सगळ्यांत जास्त फुगलेला असतो. बाळाच्या स्नानसंस्काराच्या जेवणातून ती वगळावी असं माझं स्पष्ट मत आहे. मोकळ्या जागेत स्पीकर लावणार असाल तर रात्री १० नंतर तो बंदच हवा.

दोन हिशेब शेजारी शेजारी

खालचे दर समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या भागातले दर घालून हाच हिशेब पुन्हा मांडा.

घरगुती, ३० माणसं:
- चर्चचं दान: १,००० रुपये
- मेणबत्ती: २०० रुपये
- बाळाचे कपडे: १,००० रुपये
- कागदपत्रं आणि प्रवास: ३०० रुपये
- केक: ८०० रुपये
- जेवण, ३५० रुपये दराने: १०,५०० रुपये
- फोटोंच्या प्रती: ५०० रुपये
- एकूण: १४,३०० रुपये

हॉलमध्ये, २०० माणसं:
- चर्चचं दान: २,००० रुपये
- मेणबत्ती: ४०० रुपये
- बाळाचे कपडे: ४,००० रुपये
- कागदपत्रं आणि प्रवास: ३०० रुपये
- केक: ३,६०० रुपये
- जेवण, ५०० रुपये दराने: १,००,००० रुपये
- हॉल: ३०,००० रुपये
- सजावट: २०,००० रुपये
- फोटो आणि व्हिडिओ: २५,००० रुपये
- संगीत आणि स्पीकर: १०,००० रुपये
- परतभेटी, ६० रुपये दराने: १२,००० रुपये
- एकूण: २,०७,३०० रुपये

आता दोन्हींमधला चर्चशी संबंधित भाग वेगळा काढा: दान, मेणबत्ती, कपडे, कागदपत्रं. पहिल्या हिशेबात तो २,५०० रुपये होतो, दुसऱ्यात ६,७००. उरलेले ११,८०० किंवा २,००,६०० रुपये सोहळ्याचे. बाळाला मिळणारा संस्कार दोन्ही घरांत तोच आहे.

परिस्थिती वेगळी असेल तर

*आईवडिलांपैकी एकजण कॅथलिक नसेल.* बाप्तिस्म्यासाठी किमान एका पालकाची संमती आणि बाळ कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी वाजवी आशा, या दोन गोष्टी लागतात. दुसऱ्या पालकाला अंधारात ठेवून काही करू नका. दोघांनी मिळून फादरांना भेटा. दोन्हीकडच्या आजी-आजोबांना विधीची माहिती आधी दिली तर त्या दिवशी कोणी परकं राहत नाही.

*आईवडिलांचं लग्न चर्चमध्ये झालेलं नसेल किंवा आई एकटी असेल.* तेवढ्यावरून बाळाचा बाप्तिस्मा नाकारला जात नाही. लपवाछपवी न करता फादरांशी बोला.

*बाळ दत्तक असेल.* दत्तकाची कायदेशीर कागदपत्रं सोबत न्या.

*मूल ७ वर्षांचं झालं असेल.* त्या वयानंतर कायदा त्याला स्वतः समजून घेणारी व्यक्ती मानतो. त्याला धर्मशिक्षण देऊनच संस्कार होतो, आणि तयारीला बराच काळ लागतो. उशीर न करण्याचं हेही एक कारण.

*बाळाच्या जिवाला धोका असेल.* थांबायचं नाही. फादर येण्याइतका वेळ नसेल तर आई, वडील, परिचारिका, कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. चर्च जे करतं ते करण्याचा हेतू हवा. साधं पाणी बाळाच्या मस्तकावर ओतत, बाळाचं नाव घेऊन, ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ किंवा ‘देते’ असं पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने म्हणायचं. ‘आम्ही’ म्हणायचं नाही. तशा शब्दांनी दिलेला बाप्तिस्मा वैध नाही, हे व्हॅटिकनने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. नंतर धर्मग्रामात कळवून नोंद करून घ्या. बाळ बरं झालं की उरलेले विधी चर्चमध्ये होतात. बाप्तिस्मा पुन्हा होत नाही.

दाखला हातात आल्यावर

त्याच आठवड्यात चर्चच्या वहीतली नोंद वाचून घ्या: बाळाचं नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं, धर्ममातापित्यांची नावं. चूक तेव्हाच दुरुस्त करणं सोपं असतं. वीस वर्षांनी तेच काम जड जातं. दाखला लॅमिनेट करू नका, त्याची एक प्रत आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. नोंदवहीचा क्रमांकही लिहून ठेवा.

दाखला कायम त्याच चर्चमधून मिळतो, जिथे बाप्तिस्मा झाला. पुढे दृढीकरण आणि विवाह यांच्या नोंदीही त्याच पानावर जोडल्या जातात. म्हणून लग्नाच्या वेळी जुना दाखला चालत नाही, नव्याने काढलेला लागतो. परदेशात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून ठिकाण निवडावं: बाप्तिस्मा गावी केला तर आयुष्यभर दाखल्यासाठी गावाशीच संपर्क ठेवावा लागेल.

ज्या घरात बाळ आहे आणि पैशांच्या विचाराने स्नानसंस्कार लांबला आहे, त्यांना एकच विनंती. या रविवारी मिस्सेनंतर कार्यालयात जा, वर्गाची आणि संस्काराची तारीख घ्या. जेवण त्या दिवशी करा, वाढदिवसाला करा किंवा करूच नका. बाळाचा बाप्तिस्मा त्यासाठी थांबवू नका.